मेतवल्लीचे निळे वर

आमच्या हीशच्या वाडीत मेतवल्लीइतका हट्टी माणूस दुसरा झाला नाही, आणि त्याच्याइतका मऊही नाही. तुम्ही म्हणाल, हे दोन्ही एका अंगात मावतं कसं? मावतं. त्याच्या थोरल्या भावाला विचारा म्हटलं असतं, पण तो आता मातीखाली आहे, आणि सगळं दुःख तिथेच आहे.

समुद्रालगतच्या बुरुल्लुसच्या तळ्याच्या दक्षिणेला आमची वाडी. भातशेती नावापुरती, खरा धंदा बुल्ती माशाचा. तुमच्याकडे तिला चिलापी म्हणतात म्हणे. या बुल्तीची खोड एकच, ती पिल्लं घालायची थांबत नाही. नर-मादी एका तळ्यात सोडा, बघता बघता पिल्लांना पिल्लं होतात आणि तळं बोटाएवढ्या माशांनी गच्च भरतं. खाणं सगळं फस्त, आणि अंगावर मांस कुणाच्याच नाही. असला मासा बाजारात मांजरासाठीसुद्धा कुणी उचलत नाही. म्हणून तळेवाल्यांना हवे असतात नुसते नर. नुसते नर सोडले की पिल्लांची कटकट मिटली. खातात, पितात, ताटभर होतात.

पण नुसते नर आणायचे कुठून? ते या दोघा भावांच्या बापाला, हाज दसूकीला, ठाऊक होतं. त्याच्याकडे बुल्तीची दोन कुळं होती. एक पट्टेरी, तिच्या शेपटीवर उभे पट्टे. दुसरी निळी, तिची शेपटी कोरी आणि कडेला तांबूस किनार. पट्टेरी माद्यांत निळे नर सोडले की होणारी पोरं जवळजवळ सगळी नर. उलट केलं तर नाही जमत. आणि दोन्ही कुळं चोख असली तरच जमतं. कुठे एखादी पणजी परक्या कुळातली शिरली की पोरांत पोरी निघायला लागल्या म्हणून समजा.

हाज दसूकी मोठा बेरकी म्हातारा. मरायच्या आधी त्यानं वाटणी केली. पट्टेरी माशांची तळी थोरल्या बसयूनीला दिली, निळ्या माशांची धाकट्या मेतवल्लीला. मध्ये एक भिंत. दोघांना समोर बसवून म्हणाला, "एकाकडे आया, दुसऱ्याकडे बाप. आता भांडून दाखवा, गाढवांनो!"

म्हाताऱ्याला वाटलं, बेत पक्का झाला.

नियम त्यानं आधीच हाडांत भिनवले होते. निळ्यांची जाळी पट्टेऱ्यांच्या पाण्याला लावायची नाही. घमेली वेगळी, चाळण्या वेगळ्या. आणि एका तळ्यातून निघून दुसऱ्याच्या उंबऱ्यावर जायचं तर आधी वाकून आपल्या गलबियाचा, म्हणजे पायघोळ अंगरख्याचा, घेर पिळायचा. केसाएवढं पिल्लू असतं, ओल्या कापडाच्या चुणीत बसतं आणि पलीकडे जाऊन पडतं. एवढ्यानं कूळ बुडतं. लहानपणी घेर न पिळता आत आला म्हणून मेतवल्लीनं बापाची चप्पल खाल्ली होती. पुढे दोघा भावांना इतकी सवय लागली, की ते मशिदीत शिरतानासुद्धा वाकून घेर पिळायचे, कोरडा असला तरी. अख्खी वाडी हसायची.

वसंतात शम्म अल-नसीमचा सण झाला, खारवलेले मासे आणि कांदे खाऊन झाले, की दुसऱ्या दिवशी वरात निघायची. मेतवल्ली तांब्याच्या मोठ्या घमेल्यात निळे नर घेऊन स्वतःच्या दारातून निघायचा आणि भिंतीला वळसा घालून भावाच्या दारात यायचा. अंतर ते किती, बायका एकमेकींच्या चुलीवरचं वासावरून ओळखायच्या एवढंच. पण थाट लग्नाचा. पोरं डबे बडवायची, बायका जीभ हलवून लुलुलु करायच्या. बसयूनी दारात कमरेवर हात ठेवून उभा.

"वर आले का?" तो गरजायचा.

"आले, अबू शहाता! नवऱ्या तयार आहेत का?" मेतवल्ली विचारायचा. बसयूनीचा मुलगा शहाता, म्हणून तो अबू शहाता, शहाताचा बाप.

"नवऱ्या कधीच्या नटून बसल्यात. तुझेच वर मुलखाचे आळशी!"

मग मेतवल्ली घमेलं खाली ठेवायचा, घेर पिळायचा आणि आत जायचा. वर्षातला तो त्याचा खरा सण. त्याची बायको बदीआ म्हणायची, "माझ्या लग्नात हा माणूस एवढा हसला नव्हता." त्याला दोन्ही मुलीच. "जगाला मुलगे वाटतो, आणि अल्लाह माझ्या घरात मुली पाठवतो," असं तो स्वतःच सांगायचा आणि मुलींची डोकी कुरवाळायचा. दोघी लग्न होऊन दूर गेल्या तेव्हा आठवडाभर जेवला नाही.

अशी वर्षं गेली. आणि मग ते झालं.

एका उन्हाळ्यात एक तळेवाला बादली घेऊन आला आणि बसयूनीच्या उंबऱ्यावर त्यानं ती उपडी केली. आत बोटाएवढी पिल्लं. "हे तुमचे नर! माझं तळं पाळणाघर झालंय!" असं ओरडून तो निघून गेला. भर दुपारी, सगळ्यांच्या देखत. बसयूनीच्या अंगाचा तिळपापड झाला. तो तसाच भिंतीपलीकडे गेला.

"तुझ्या निळ्यांत घाण शिरलीय, मेतवल्ली."

"माझ्या निळ्यांत? मी त्यांच्यावरून नजर हलवत नाही. तुझी तळी राखायला तू गडी ठेवलेस, आणि बोट माझ्याकडे?"

"म्हणजे मी बापाचा नियम मोडला?"

"मी नाही मोडला, एवढं मला माहीत आहे."

झालं. खोट कुणाकडे होती, आजतागायत कुणाला कळलेलं नाही. मला विचाराल तर दोघांच्याही कानाखाली एकेक वाजवायला हवी होती, पण वाजवणारा बाप आता नव्हता. बसयूनी जाताना म्हणाला, "तुझे वर तुझ्याकडेच ठेव. मला त्यांची गरज नाही."

आणि खरंच गरज उरली नाही. त्याच सुमारास शहरातून दवा यायला लागली होती. पांढरी भुकटी. ती स्पिरिटमध्ये विरघळवून खाद्यावर शिंपडायची, खाद्य सावलीत वाळवायचं, आणि पिल्लांनी पहिला घास घेतल्यापासून काही आठवडे तेच चारायचं. आई कोण, बाप कोण, काही विचारायला नको. सगळी पिल्लं नर होतात. बसयूनीनं दवा आणली, मिळतील तिथून आया आणल्या, बाप आणले, सगळे एकाच तळ्यात लोटले. जाळी एक झाली, घमेली एक झाली. धंदा फोफावला. प्लास्टिकचं छप्पर आणि विहिरीचं कोमट पाणी खेळवलेलं हिवाळ्याचं तळंही बांधलं त्यानं.

मेतवल्लीकडचे निळे आता कुणालाच नको होते. पट्टेरी चोख आयाच नाहीत, तर निळे वर घेऊन करायचं काय? पण या माणसानं ते सोडले नाहीत. दिवसभर लोकांची जाळी विणून द्यायचा आणि कमावलेलं निळ्यांच्या तोंडात घालायचा. प्रत्येक शेपटी उलटून बघायचा. पट्ट्याचा संशय जरी आला तरी तो मासा रात्रीच्या जेवणात.

"अरे, कशासाठी करतोस हे?" आम्ही विचारायचो.

"तो येईल," तो म्हणायचा. "दवेचा कंटाळा येईल त्याला. येईल तेव्हा वर तयार नकोत?"

म्हणजे बघा, मासे नव्हताच राखत तो. भाऊ परत यायची वाट राखत होता. पण स्वतः भिंतीला वळसा घालून जाईल तर शपथ! ईदला एका मशिदीत दोघं दोन टोकांना बसायचे. बसयूनीची बायको हानेम आणि बदीआ भिंतीवरून एकमेकींना भाकरी द्यायच्या, आणि भाकरी कुठून आली हे दोन्ही नवऱ्यांना न विचारता कळायचं. दोघंही ती मुकाट्यानं खायचे.

त्या हिवाळ्यात बदीआच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. मेतवल्ली तिला घेऊन तांता शहराला गेला. निळ्यांची काळजी नव्हती, थंडीत ते फारसं खातही नाहीत. तिकडे असतानाच समुद्रावरून नव्वा उठला. नव्वा म्हणजे आमच्या किनाऱ्याचं हिवाळी वादळ, पण असलं वादळ म्हाताऱ्यांनीही पाहिलं नव्हतं. गारा पडल्या. रस्त्यांचा चिखल झाला, गाड्या बंद. मेतवल्लीच्या तळ्यावरचं जुनं प्लास्टिक फाटून बाभळीवर जाऊन लटकलं.

ते बसयूनीनं आपल्या गच्चीवरून पाहिलं.

पुढचं मेतवल्लीला पुतण्यानं, शहातानं सांगितलं. रस्ता खुला झाल्यावर मेतवल्ली वाडीत पोचला तो सकाळी. छप्पर फाटलेलं, तळं रिकामं. तो भिंतीला वळसा घालून धावला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. शहाता दारातच भेटला, तिशीचा धट्टाकट्टा गडी, डोळे लाल पण चेहरा अभिमानानं फुललेला.

"काका, घाबरू नका! तुमचे मासे आमच्याकडे आहेत. आबानं आणले, सगळे!"

"कुठे?"

"आमच्या कोमट तळ्यात. आबा गच्चीवरून खाली उतरला आणि म्हणाला, माझ्या भावाचे मासे मरतायत. पाहिलं तर तुमचे निळे तळाशी निपचित पडलेले, मेल्यासारखे. आम्ही म्हटलं, तू बाहेर थांब, आम्ही उतरतो. ऐकतोय कुठला! म्हणाला, निळ्यांना हात मीच लावणार. छातीभर पाण्यात उतरला, काका. गारा पडत होत्या. घमेलं भरायचा, आणून ओतायचा, परत जायचा. आणि एक सांगू? प्रत्येक खेपेला आमच्या दारात थांबायचा, घमेलं खाली ठेवायचा, आणि वाकून गलबियाचा घेर पिळायचा. त्या वाऱ्यात! आई ओरडत होती, अरे आत ये, गोठशील! तरी पिळायचा, मगच आत."

मेतवल्ली त्या कोमट तळ्याच्या काठावर जाऊन उभा राहिला.

पाण्यात सगळं एकत्र होतं. पट्टेरी, निळे, आणि दवा आल्यापासून बाजारातून गोळा केलेले कुठले कुठले मासे. कुणाच्या शेपटीवर पुरते पट्टे, कुणाच्या अर्धवट, कुणाची शेपटी कोरी पण किनार नाही. त्याच्या निळ्यांसारखे दिसणारे कितीतरी, आणि त्यातले त्याचे कुठले हे आता अल्लाहलाच ठाऊक. डोळ्यांनी निवडता येईल, पण निवडलेल्याची खात्री देता येणार नाही. आणि खात्री नाही तर कूळ नाही. बापानं दिलेलं, आयुष्यभर राखलेलं ते निळं कूळ त्याच्या डोळ्यांदेखत बुडालं होतं.

बसयूनीच्या हातांना घेर पिळायचा नियम आठवला. तो कशासाठी, हे डोक्यातून कधीच पुसलं गेलं होतं.

एवढंच असतं तरी माणसानं सोसलं असतं. पण याहून वाईट मेतवल्लीला माहीत होतं, आणि फक्त त्यालाच माहीत होतं. निळ्यांना थंडी सोसते. पट्टेरी थंडीनं पटापट मरतात, निळे नाही. पाणी गार झालं की ते तळाशी जाऊन निपचित पडून राहतात, मेल्यासारखे दिसतात, आणि ऊन पडलं की उठून पोहायला लागतात. त्यानं दर हिवाळ्यात पाहिलं होतं. बसयूनीनं जन्मभर पट्टेरी राखले, त्याला आपल्याच माशांची थंडी माहीत. त्याला वाटलं, मरतायत. नुसता घरात शेगडीपाशी बसून राहिला असता, तरी निळे जगले असते.

आतून खोकल्याचा आवाज आला. असा खोकला, की ऐकणाऱ्याची छाती दुखावी.

हानेम दारात उभी होती. "ये," ती म्हणाली. "कालपासून तुझंच नाव घेतोय. डॉक्टर येऊन गेला. म्हणाला, दोन्ही फुप्फुसं भरलीत."

बसयूनी घोंगड्यांच्या ढिगाखाली पडला होता. चेहरा तापानं तांबडा, ओठ काळे. भावाला बघून त्यानं हात बाहेर काढला. मेतवल्लीनं तो दोन्ही हातांत धरला. इतक्या वर्षांचं हाडवैर, आणि ते मोडायला एक शब्दही लागला नाही.

"जगले का रे?" बसयूनीनं विचारलं.

"जगले, अबू शहाता."

"सगळे?"

"सगळे. एकही मेला नाही."

"कसे पडले होते तळाशी. मला वाटलं, झालं. मी नसतो गेलो तर—"

"तू नसतास गेला तर संपलंच होतं," मेतवल्ली म्हणाला. "माझं सगळं बुडालं असतं. तू वाचवलंस, भावा."

बसयूनी हसला. लहान पोर शाबासकी मिळाल्यावर हसतं, तसं. "आणि मी घेर पिळला हं. प्रत्येक वेळी. आबाची चप्पल आठवली."

"शहातानं सांगितलं मला."

"तुझे निळे चोख होते रे. मला तेव्हाही माहीत होतं. जीभ आवरली नाही माझी." तो दम लागून थांबला. "या वसंतात वर घेऊन ये. पूर्वीसारखे. मी दारात उभा राहतो."

"आणतो."

"शपथ?"

"आबाची शपथ."

दुसऱ्या दिवशी दुपारच्या नमाजाआधी बसयूनी गेला. संध्याकाळी दुखवट्याच्या मांडवात आम्ही सगळे बिनसाखरेची कॉफी घेऊन बसलो होतो आणि जो तो त्या पाण्यात उतरलेल्या माणसाचीच गोष्ट सांगत होता. भावाच्या माशांसाठी जीव दिला, म्हणत होता. मेतवल्ली दारापाशी उभा राहून लोकांचे हात हातात घेत होता आणि प्रत्येकाला म्हणत होता, "हो. त्यानं माझे निळे वाचवले."

चाळिसावा दिवस झाल्यावर त्यानं त्या तळ्यातून निळ्यांसारखे दिसणारे मासे निवडून आपल्या घरी नेले. बदीआच्या डोळ्यावरची पट्टी निघाली होती. नवरा एकेक शेपटी उलटून बघतो, पाण्यात सोडतो आणि पुढचा मासा हातात न घेता तसाच बसून राहतो, हे तिनं पाहिलं. ती मासेवाल्याची बायको, तिला समजावून सांगावं लागत नाही.

"मिसळले?" तिनं हळूच विचारलं.

त्यानं मान डोलावली.

"आणि थंडीत ते तसेही—"

"गप्प बस, बदीआ."

"त्यांना सांग तरी. शहाताला. आतल्या आत कुढून मरशील."

"काय सांगू? तुझा बाप फुकट मेला म्हणून सांगू?" एवढं बोलून तो गडी गुडघ्यांत डोकं घालून रडला. ती त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. दुसरं करणार काय?

आम्हाला हे सगळं पुष्कळ पुढे कळलं, मेतवल्लीही गेल्यावर, बदीआच्या तोंडून. तेव्हा मात्र आम्हाला वाटलं होतं, भावाच्या दुःखानं वाळतोय. ते काही खोटं नव्हतं.

वसंत आला. शम्म अल-नसीमच्या आदल्या दिवशी शहाता काकाकडे आला. म्हणाला, "आबाच्या शेवटच्या इच्छेसारखं करू. एक तळं रिकामं ठेवलंय. बाजार पालथा घालून पट्टेरी माद्या निवडून आणल्यात. तुमचे वर येऊ द्या. त्यांची पोरं दवेशिवाय नर होऊन दाखवतील, सगळ्या तालुक्याला दाखवू!"

मेतवल्ली म्हणाला, "वर आणतो. पण ही पोरं विकायची नाहीत, शहाता. एकसुद्धा नाही. मोठी होतील तशी होतील. तुझ्या बापाच्या नावानं गरिबांना वाटायची."

शहाताचे डोळे भरून आले. त्याला वाटलं, काकाचं मन किती मोठं. विकली असती तर त्यांत पोरी निघून सगळं उघडं पडलं असतं, हे त्याला कुठून कळणार? तो काकाच्या हाताचं चुंबन घेऊन गेला.

सणाच्या दुसऱ्या दिवशी मेतवल्ली तांब्याचं घमेलं घेऊन निघाला. डबे कुणी बडवले नाहीत, बायकांनी लुलुलु केलं नाही. आम्ही सगळे आपापल्या दारांत उभे होतो. घमेल्यात मासे उसळत होते आणि पाणी हिंदकळून त्याच्या गलबियाचा घेर चिंब झाला होता. भिंतीला वळसा घालून तो भावाच्या दारात आला.

दारात हानेम उभी होती, काळ्या कपड्यांत. तिनं नवऱ्यासारखे कमरेवर हात ठेवले.

"वर आले का?" तिनं विचारलं.

"आले, उम्म शहाता."

त्यानं घमेलं खाली ठेवलं. सवयीनं तो वाकला, घेर मुठीत धरला. आणि तसाच थांबला. आम्हाला वाटलं, पाठ धरली असेल. मग त्यानं मूठ सोडली, घमेलं उचललं आणि लहानपणच्या त्या चपलेनंतर पहिल्यांदा ओला घेर न पिळता, पाणी गाळत, तो भावाच्या घरात गेला.